जंतूच्या खोबणीत

१८९७ चा मार्च. कल्याण स्थानकाच्या फलाटावर तुम्ही हात वर करून उभे आहात आणि डॉक्टर तुमची काख चाचपतोय. मग जांघ. मग मानेच्या बाजूला दोन बोटं. गाठ लागली, तर गाडी तुम्हाला न घेता सुटेल. मुंबईहून आलेली माणसं रांगेत आहेत, कोणाच्या डोक्यावर पेटी, कोणाच्या कडेवर पोर. सगळ्यांना एकच घोर लागलाय: ही कणकण तापाची, की नुसतं उन्हानं अंग तापलंय? प्लेगला लोक गाठीचा ताप म्हणतात. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताला रँडसाहेब येऊन बसलेत. रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले दहा तारखेला याच रोगानं गेल्या. रांगेत कोणीतरी ते हलक्या आवाजात सांगतंय आणि शेजारचा त्याला गप्प करतोय, कारण डॉक्टर जवळ आलाय.

तुम्ही सव्वाशे वर्षं पुढून आला आहात. या गाठीमागे कोणता जंतू आहे, तो कशानं मरतो, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे आणि त्याचा इथे काडीचा उपयोग नाही. मुंबईत हाफकिनसाहेबांनी जानेवारीतच स्वतःच्या अंगावर लस टोचून घेतली आहे. पण लस घ्यायची रोग होण्याआधी. झालेला रोग खात्रीनं उतरवणारं औषध या घडीला जगात कुठेच नाही.

दोन गोष्टी मात्र तीन वर्षांपूर्वीच होऊन गेल्यात, दोन्ही १८९४ मध्ये. हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिननं प्लेगचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. आणि जर्मनीत एमिल फिशर या रसायनशास्त्रज्ञानं लिहून ठेवलं की विकर, म्हणजे एन्झाइम, आणि त्याचा कच्चा माल यांचं नातं कुलूप-किल्लीचं असतं. या दोन माणसांच्या गोष्टी एकत्र यायला १०० वर्षांहून जास्त काळ जाणार आहे. तुम्ही गाडीत बसा. गाठ नाही तुम्हाला.

गाडी कर्जतच्या अंगानं निघते. अंबरनाथला उतरलात तर १९२१ साल आहे. वालधुनीकाठी शिलाहारांचं शिवमंदिर १०६० पासून उभं आहे, आणि आता त्याच गावात धरमसी मोरारजी केमिकल कंपनीचा कारखाना गंधकाचं आम्ल करू लागलाय. घशात खवखवतं. या पट्ट्याला पुढची १०० वर्षं जो वास येणार आहे त्याची ही सुरुवात. फार थांबू नका. एवढंच लक्षात ठेवा, की गंधकाच्या आम्लापासून क्लोरोसल्फॉनिक आम्ल होतं, आणि क्लोरोसल्फॉनिक आम्लाशिवाय सल्फा या औषधाची एकही गोळी होत नाही.

आता उलट दिशेची लोकल धरा आणि परळला उतरा. साल १९४०.

एके काळी मुंबईचे गव्हर्नर ज्या वाड्यात राहायचे तिथे आता हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. संचालक साहिबसिंग सोखी, या संस्थेचे पहिले भारतीय प्रमुख. त्यांच्यासोबत डॉ. बी. बी. दीक्षित. पुढे दिल्लीत एम्स उभी राहील तेव्हा तिचे पहिले संचालक हेच दीक्षित असतील, पण आज ते पिंजऱ्यांच्या रांगेत उभे आहेत. पिंजऱ्यात पांढरे उंदीर, आणि उंदरांच्या अंगात प्लेग. निम्म्यांना सल्फाथायाझोल किंवा सल्फापायरिडिन दिलंय, निम्म्यांना काहीच नाही. तुम्ही रात्रभर थांबलात तरी आवाज फारसा नाही, पेंढ्याची सळसळ तेवढी. दिवस उलटतात तसे एका बाजूचे पिंजरे रिकामे होत जातात. दुसऱ्या बाजूला उंदीर दाणे खातायत.

हा निकाल याच वर्षी लंडनच्या लॅन्सेटमध्ये दोघांच्या नावावर छापून येतो. कल्याणच्या फलाटावर ज्याला उत्तर नव्हतं, त्याचं उत्तर त्याच रेल्वेमार्गावर, चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी सापडतंय. आपल्याकडे हाफकिन म्हटलं की लसच आठवते, या उंदरांना कोणी विचारत नाही. मला हे खटकतं.

दीक्षितांना विचारायचा मोह होईल: हे औषध जंतूला मारतं, मग उंदराला का नाही मारत? त्यांच्याकडेही याचं पक्कं उत्तर नाही. सल्फाची कहाणीच तशी. जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी १९३५ मध्ये प्रोन्टोसिल नावाचा लाल रंग जगापुढे ठेवला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटनं त्याच वर्षी दाखवलं की त्यातला रंग निरुपयोगी आहे, शरीरात तो रेणू तुटून जो रंगहीन तुकडा उरतो तोच काम करतो. तो तुकडा म्हणजे सल्फानिलामाइड. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्या तुकड्याला निरनिराळी शेपटं जोडून शेकडो भाऊबंद तयार केले. थायाझोलचं शेपूट जोडलं की सल्फाथायाझोल. पण कुठे लागतं, कशाला लागतं, याचा पत्ता नाही. अंधारात दगड मारायचा आणि ओरडण्याच्या आवाजावरून लागला की नाही ते ठरवायचं.

उत्तराचा पहिला धागाही १९४० चाच आहे. इंग्लंडमध्ये डोनाल्ड वुड्स यांना आढळलं की यीस्टच्या अर्कात असं काहीतरी आहे, ज्यानं सल्फाचा असर मावळतो. ते काहीतरी म्हणजे पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल, थोडक्यात पाबा. पाबा आणि सल्फा शेजारी मांडले तर जुळे वाटावेत, टोकाचा एक गट तेवढा वेगळा. जंतू पाबा वापरून स्वतःचं फॉलिक आम्ल घरी बनवतो, कारण त्याशिवाय त्याला डीएनए करता येत नाही. सल्फा त्या पाबाच्या जागी जाऊन बसतं आणि काम ठप्प होतं. माणूस आणि उंदीर फॉलिक आम्ल घरी बनवतच नाहीत. आपण ते पालेभाजीतून, डाळीतून, यकृतातून खातो. ज्या विकरावर सल्फा बसतं ते आपल्याकडे मुळात नाहीच. दीक्षितांचे उंदीर वाचले ते यामुळे.

फिशरचं रूपक पुढे न्यायचं तर सल्फा ही डुप्लिकेट किल्ली. कुलपात जाते, फिरत नाही, आणि खऱ्या किल्लीला वाट देत नाही. डुप्लिकेट मालाचा विषय निघालाच आहे तर पुढचा मुक्काम उल्हासनगर, यात मी काही खोडसाळपणा करत नाहीये.

१९४३. अजून उल्हासनगर नाही, कल्याण कॅम्प आहे. लष्करी बराकी, मैलोगणती. शिपायांच्या सामानात सल्फाच्या भुकटीची पुडी असते, जखम झाली की वर भुरभुरायची. (जखमेवर भुकटी टाकण्याचा फारसा फायदा नाही हे नंतर कळलं आणि ती पद्धत सोडून दिली गेली. पोटातून घेतलेल्या गोळीचं तसं नव्हतं.) सहा वर्षं पुढे या. शिपाई गेलेत, त्याच बराकींत सिंधमधून उखडून आलेली कुटुंबं राहतायत, दोन कुटुंबांच्या मधे गोणपाटाचा पडदा. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी येऊन या वसाहतीला उल्हासनगर हे नाव देतात. पाण्यासाठी रांग, पोराला जुलाब, कोणाला तरी ताप. सल्फाची पांढरी गोळी आता श्रीमंताची राहिलेली नाही. स्वस्त आहे, मिळते, आणि बहुतेक वेळा चालते.

मधे पिंपरीला धावती भेट द्या. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन निघू लागलं. मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढतेय, खाली वाफेचे नळ. पेनिसिलिन जंतूची भिंत बांधणारं विकर अडवतं. आपल्या पेशीला भिंत नसते, म्हणून आपल्याला धोका नाही. पण ते विकर नेमकं कसं अडतं, हेही १९६५ पर्यंत कोणी नीट सांगू शकलं नव्हतं. त्या वर्षी टिपर आणि स्ट्रॉमिंजर यांनी दाखवलं की भिंतीच्या विटेच्या टोकाला अ‍ॅलनिनची जी जोडी असते, पेनिसिलिन तिची नक्कल आहे. पुन्हा तेच: आधी मारा, मागाहून समज.

१९७८, उल्हासनगर, गोल मैदानाच्या बाजूचा एक दवाखाना. बाकावर तुमचा नंबर सातवा. कंपाउंडर आतल्या खिडकीतून पुड्या सरकवतोय. "पाणी भरपूर प्या साईं, गोळी सकाळ-संध्याकाळ." लघवीला जळजळ म्हणून आलेल्या म्हाताऱ्याच्या हातात को-ट्रायमॉक्साझोलची पुडी पडते. एका गोळीत ४०० मिलीग्रॅम सल्फामेथॉक्साझोल आणि ८० मिलीग्रॅम ट्रायमेथोप्रिम. या पुडीत औषधशास्त्रातल्या दोन निरनिराळ्या युक्त्या शेजारी शेजारी झोपल्यात आणि त्याचा पत्ता ना म्हाताऱ्याला ना कंपाउंडरला.

सल्फाची युक्ती तुम्ही पाहिलीत: जे विकर माणसात नाहीच, ते अडवा. ट्रायमेथोप्रिमची युक्ती अवघड आहे. ते ज्या विकरावर बसतं, डायहायड्रोफोलेट रिडक्टेज, ते जंतूतही आहे आणि तुमच्यातही. काम दोन्हीकडे एकच. मेथोट्रेक्सेट हे औषध दोन्हीकडे सारखंच घट्ट बसतं, म्हणून ते कर्करोगावर चालतं, लघवीच्या जळजळीवर देता येत नाही. ट्रायमेथोप्रिम मात्र जंतूच्या विकराला माणसाच्या विकरापेक्षा दहा हजार पटींहून जास्त घट्ट धरतं. काम एक, आकार थोडा वेगळा, आणि त्या थोड्या फरकावर म्हाताऱ्याचा जीव सुरक्षित. जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेत ते १९५० च्या दशकात तयार झालं. विकर कसं दिसतं हे न पाहता, एकेक रेणू करून, एकेक तपासून. १९८८ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

ते विकर डोळ्यांनी पाहिलं कधी? तुमच्या दवाखान्यातल्या बाकाच्या एकच वर्ष आधी, १९७७ मध्ये. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या गटानं ई. कोलाय जंतूच्या या विकराचा स्फटिक करून, त्यावर क्ष-किरण टाकून, अणूअणूंची जागा मांडली. तोवर जगातल्या प्रथिनांच्या रचना मोजक्याच होत्या. १९७१ मध्ये प्रोटीन डेटा बँक सुरू झाली तेव्हा तिच्यात सात होत्या. आज दोन लाखांच्या वर आहेत.

आता आकार लहान करा. साल २०१२, ठिकाण अमेरिकेतल्या मेंफिस शहरातलं सेंट ज्यूड बालरुग्णालय. तिथल्या गटानं सल्फाचं विकर, डायहायड्रोप्टेरोएट सिंथेज, स्फटिकात पकडलंय. ई. कोलायचं विकर १९९७ मध्येच दिसलं होतं. इथे दोन जंतूंची विकरं आहेत, एक अँथ्रॅक्सचं, आणि दुसरं येर्सिनिया पेस्टिसचं. प्लेगचं.

तुम्ही त्या विकराच्या आत आहात. भोवती आठ पट्ट्या गोल उभ्या, पिंपाच्या फळ्या असतात तशा शेजारी शेजारी, आणि त्यांच्या वरच्या तोंडाशी खोबण. खोल तळाशी टेरिन नावाचा रेणू बसतो. तो खाली, आत, चहूबाजूंनी धरलेला. एरवी वरचे दोन पदर सैल लोंबत असतात, इतके सैल की आधीच्या चित्रांत ते नीट दिसलेच नव्हते. काम सुरू झालं की ते वर येतात, एकमेकांत अडकतात आणि पाबासाठी बेताची जागा तयार करतात. म्हणजे जी खोबण अडवायची, ती काम चालू असतानाच असते. मेंफिसकरांची कमाल ही, की त्यांनी स्फटिकाच्या आतच ही रासायनिक क्रिया घडवली आणि मधल्या पायऱ्यांवर तिला थांबवून तिचं चित्र घेतलं.

पाबाच्या जागी आता सल्फामेथॉक्साझोल बसलेलं पाहा. पुढचा भाग हुबेहूब पाबासारखा रुतलाय. पण शेपूट? दीक्षितांच्या सल्फाथायाझोलचं थायाझोल, इथलं आयसोक्साझोल, हे पाबाकडे नसतं. ते खोबणीबाहेर डोकावतंय. तिथे, शेपटाच्या अंगाला, फिनाइलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल. ई. कोलायमध्ये ते २८ व्या जागी. जंतूनं एवढंच एक बदललं, की शेपटाला जागा पुरत नाही आणि सल्फा नीट बसत नाही. पाबाला शेपूट नाही, त्यामुळे त्याची अडचण फारशी होत नाही आणि जंतूचं घर चालू राहतं. ज्या शेपटामुळे सल्फाचे शेकडो भाऊबंद निघाले, कंपन्या चालल्या, पेटंटं झाली, तिथेच जंतूनं पकडलं.

आणखी एक गोष्ट आहे. रुग्णालयांत दिसणारे सल्फाला दाद न देणारे बरेचसे जंतू स्वतःचं विकर बदलतच नाहीत. ते दुसऱ्या जंतूकडून एक वेगळंच विकर, सल या जनुकावरून, उसनं घेतात. २०२३ मध्ये उघड झालं की त्या उसन्या विकरात खोबणीच्या तोंडाशी दोन अमिनो आम्लं जास्तीची आहेत, फिनाइलअ‍ॅलनिन आणि ग्लायसिन. एवढी दोन. ती पाबाला आत सोडतात, सल्फाला नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी फलाटावर चाचपत होते ती गाठ बोटाला लागत होती. ही लागत नाही, पण आज औषध चालणार की नाही ते ती ठरवते.

चित्र दिसतंय, मग औषध घडवायला अडचण काय? तुमच्या मनात हेच आलं असेल. शेपूट कापा, खोबणीच्या बाहेर काही ठेवू नका. किंवा तळाच्या टेरिनच्या जागेवर जा, तिथे जंतूला बदल करणं परवडत नाही. टेरिनच्या जागेवर बसणारे रेणू मेंफिसमध्ये आणि इतरत्र खरोखर घडवले गेले. विकराला ते धरतात. जिवंत जंतूवर मात्र त्यांचा जोर कमी पडतो. ग्रॅम-निगेटिव्ह जंतूला दोन पापुद्रे असतात, आणि आत आलेलं नको ते बाहेर फेकणारे पंप असतात. विकर परीक्षानळीत अडवणं आणि जंतूच्या आत जाऊन अडवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ग्लॅक्सोस्मिथक्लाइननं १९९५ ते २००१ या काळात जंतूंच्या विकरांवर ६७ मोठ्या शोधमोहिमा चालवल्या. पुढे नेण्याजोगे धागे निघाले पाच. हा आकडा मला फार प्रामाणिक वाटतो. आज अल्फाफोल्डसारखी यंत्रं रचना बसल्या जागी सांगतात, त्यासाठी २०२४ चं नोबेलही मिळालं. पण आत शिरण्याचा प्रश्न ती सोडवत नाहीत, आणि सैल पदर कधी घट्ट होतात हे अजून स्फटिकालाच विचारावं लागतं.

घराकडे, म्हणजे कल्याण-कर्जतच्या पट्ट्याकडे वळू. पण थेट तिकडे न जाता वाट वाकडी करून छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, वोक्हार्ट या औषध कंपनीच्या संशोधन केंद्रात जाऊ. तिथल्या कामामागची गोष्ट अशी. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात एनडीएम-१ हे विकर सापडल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. नावात नवी दिल्ली आहे म्हणून आपल्याकडे केवढा गहजब झाला होता! नावावर जेवढं बोललो तेवढं कामावर बोललो असतो तर बरं झालं असतं. एनडीएम पेनिसिलिनच्या जवळपास सगळ्या नातेवाइकांना फाडतं. त्याच्या खोबणीत जस्ताचे दोन अणू असतात, ते पाण्याचा एक रेणू धारदार करून औषधाच्या कड्यावर सोडतात. औषध फाडणाऱ्या विकरांना अडवणारे जुने रेणू या जस्ताच्या विकरापुढे निष्प्रभ.

संभाजीनगरकरांनी निराळा विचार केला. झिडेबॅक्टॅम हा त्यांचा रेणू एनडीएमला अडवायला जातच नाही. एनडीएम त्याला फाडू शकत नाही, आणि तो सरळ भिंत बांधणाऱ्या पीबीपी-२ या विकरावर जाऊन बसतो. सोबतचं सेफेपाइम पीबीपी-३ वर. एकाच वेळी दोन गवंडी अडवले की थोडं सेफेपाइम फाडलं गेलं तरी भिंत उभी राहत नाही. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. दांडीसारखे जंतू होते, ते फुगून गोल होतायत. पीबीपी-२ अडल्याची ही खूण, भिंतीचं लांबीतलं बांधकाम थांबलं. अमेरिकेतल्या एका गटानं झिडेबॅक्टॅम स्यूडोमोनासच्या पीबीपी-२ मध्ये नेमकं कसं बसतं याची स्फटिकरचना २०२१ मध्ये छापली. रेणू आधी, चित्र नंतर, हा क्रम अजून पुरता मोडलेला नाही, पण आता त्यातलं अंतर ७० वर्षांचं राहिलेलं नाही. या केंद्राचंच लेव्होनाडिफ्लॉक्सासिन, जंतूच्या डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या गायरेज विकरावर चालणारं, २०२० मध्ये भारतात परवानगी घेऊन बाजारात आलं. मराठी मुलखात बसून नवं प्रतिजैविक घडवणं ही छोटी गोष्ट नाही, आणि तिच्यावर मराठीत किती कमी लिहिलं गेलंय ते तुम्हीच शोधून पाहा.

आज. अंबरनाथ आणि उल्हासनगर यांच्या मधे वालधुनीच्या पुलावर उभे राहा. नाक दाबावं लागतं. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल इथल्या पालिकांना आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना कोट्यवधींचा दंड ठोठावला होता. जगभरात हे दिसून आलंय की औषधाचे अंश सांडपाण्यात उतरले की दाद न देणारे जंतू तिथे तगतात आणि आपली जनुकं शेजाऱ्याला देतात. मेंफिसमध्ये वर्षानुवर्षं घालवून एक खोबण पाहायची आणि नाल्यात ती खोबण बदलणाऱ्या जंतूची सोय करायची, हा धंदा आतबट्ट्याचा आहे. माझं मत विचाराल तर या पट्ट्यात नवी प्रयोगशाळा काढण्याआधी जुनी प्रक्रिया केंद्रं नीट चालवा. प्रतिजैविकांच्या कामाला पहिली मदत तीच.

दुसरी अडचण पैशाची. अमेरिकेतल्या अ‍ॅकाओजेन कंपनीनं प्लाझोमायसिन हे नवं प्रतिजैविक शोधलं, २०१८ मध्ये त्याला परवानगी मिळाली, आणि २०१९ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. अ‍ॅस्ट्राझेनेकानं बंगळूरूचं आपलं क्षयरोगावरचं संशोधन केंद्र २०१४ मध्ये बंद केलं. नवं प्रतिजैविक जपून, कमीत कमी वापरायचं असतं, आणि कमी खपणारा माल कोणाला करायचा नसतो. रक्तदाबाची गोळी माणूस रोज घेतो, हे पाच दिवस घेतो. खोबणी दिसू लागल्यावरही नव्या गोळ्या का येत नाहीत याचं निम्मं उत्तर या हिशेबात आहे. सरकारी पैसा इथे ओतावा लागेल, पिंपरीला एके काळी ओतला होता तसा.

तुम्ही उल्हासनगरच्या सीएचएम कॉलेजात किंवा बदलापूरच्या एखाद्या महाविद्यालयात रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र शिकत असाल, किंवा अंबरनाथ एमआयडीसीत शिफ्ट करून घरी येत असाल, तर एक काम आज रात्रीच करता येईल. प्रोटीन डेटा बँक उघडा आणि नोंद क्रमांक टाका: ३टीझेडएफ (3TZF). प्लेगच्या जंतूचं ते विकर आणि त्यात बसलेलं सल्फामेथॉक्साझोल पडद्यावर येईल. बोटानं फिरवा. शेपूट कुठे बाहेर डोकावतंय ते शोधा, मग ते नसलं तर काय बसवता येईल याचा विचार करा. पाहण्यासाठी पैसे लागत नाहीत, नोंदणी लागत नाही, आणि साधा मोबाइल पुरतो.